ऑक्सफर्डच्या यादीत नाव आहे म्हणून कण्हेर उकळायची?

परवा सकाळी मावशीचा फोन आला. कण्हेरीची पानं धुऊन पातेल्यात टाकलेली, गॅस तेवढा पेटवायचा बाकी. "गुडघ्यांसाठी गं. ऑक्सफर्डच्या यादीत आहे म्हणे. किती वेळ उकळू?" ऐकून माझे हातपायच गळाले.

सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: ऑक्सफर्ड विद्यापीठाने १६४८ साली १६०० वनस्पती तपासून औषध म्हणून मान्य केल्या, नामवंत डॉक्टरांनी यादी छापली, पुढे औषध कंपन्यांनी ती दडपली. यातलं काहीही बिनधास्त उकळून प्या.

"तपासून मान्य केल्या" हे धादांत खोटं आहे. ती यादी म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बागेतल्या झाडांच्या नावांचं पुस्तक. आधी लॅटिन नाव आणि त्याचं इंग्रजी, मग उलट, इंग्रजीवरून लॅटिन. रोग, मात्रा, काढा यांचा त्यात संबंध नाही. १६२१ साली ही बाग औषधी वनस्पतींसाठीच स्थापन झाली आणि पुस्तकाच्या नावातही 'औषधी बाग' आहे, एवढं खरं. पण त्याच बागेत १६४५ सालचा यू नावाचा सूचिपर्णी वृक्ष आजही उभा आहे. त्याची पानं आणि बिया जीवघेण्या विषारी. त्याच्या पानांतल्या द्रव्यापासून कर्करोगावरचं डोसेटॅक्सेल बनवतात, हेही मान्य. पण ते प्रयोगशाळेत, आणि रुग्णाला मोजून सलाईनमधून देतात. पातेल्यात उकळून नव्हे!

कण्हेरीचंही तेच. तिच्यातलं ओलिअँड्रिन हृदयाचे ठोके बिघडवतं आणि उकळल्याने त्याचं विष जात नाही. आयुर्वेदात कण्हेर 'करवीर' या नावाने आहे, हो. पण तिथेही ती उपविषांत मोजतात, हे मेसेज लिहिणाऱ्याने का गाळलं? बांधावर कण्हेर लावणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, गुरंसुद्धा तिला सहसा तोंड लावत नाहीत.

नामवंत डॉक्टर? १६४८च्या पुस्तकावर लेखकाचं नावच नाही. ते तिथला माळी जेकब बोबार्ट याचं मानलं जातं. माणूस जाणकार होता, पण तो झाडं वाढवायचा, रोगी तपासत नव्हता.

आणि दडपली कधी? दहाच वर्षांत, १६५८ला, सुधारून पुन्हा छापली.

मावशीने पानं खड्डा करून पुरली आणि पातेलं तीनदा घासलं. कुणी तिच्यासारखी पानं तोडून बसलं असेल, तर आत्ता फोन करून थांबवा. आणि कुणी तो काढा प्यायलंच असेल, तर उलटीची वाट न बघता थेट दवाखान्यात न्या, पानं सोबत घेऊन.