वाकलेली मान सरळ करायला सांगणारा संदेश

संदेश असा: ज्यांचा मणका अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमुळे (मणक्याच्या सांध्यांना सूज येऊन ते हळूहळू जुळत जाण्याच्या आजारामुळे) आखडून जुळला आहे, त्यांची हाडे दगडासारखी पक्की झालेली असतात, त्यामुळे पडले तरी त्यांची मान मोडत नाही. दुखलेच तर एक्स-रे काढावा आणि तो चांगला आला की निश्चिंत राहावे. मान सरळ करून पट्टा बांधावा किंवा हाडवैद्याकडून बसवून घ्यावी. ऑपरेशन मात्र करू नये, ती लुबाडणूक आहे. हा संदेश आमच्याकडे जळगाव-भुसावळच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत फिरत चोपड्याला माझ्या थोरल्या काकांपर्यंत, म्हणजे आप्पांपर्यंत, पोहोचला. आप्पांना हा आजार तीस वर्षांपासून आहे. त्यांनी फोन करून विचारले, “पट्टा आणून ठेवू का रे भाऊ?” फिजिओथेरपीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला यावर गप्प बसणे कठीण आहे.

पक्केपणाची गोष्ट तर पूर्ण उलटी आहे. निरोगी मणक्यात गाद्या आणि स्नायुबंध धक्का झेलतात. या आजारात तेच हाडासारखे कडक होतात आणि मणके मात्र आतून ठिसूळ होत जातात. मग मोरीत पाय घसरल्याचे किंवा ओट्यावरून पडल्याचे निमित्तही पुरते. युरोपियन स्पाइन जर्नलमध्ये २००९ साली आलेल्या आढाव्यात अशा ३४५ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आहेत. त्यांतील बहुतेक फ्रॅक्चर मानेचे आणि किरकोळ आघाताने झालेले होते, आणि दाखल होतानाच ६७.२ टक्के रुग्णांच्या मज्जातंतूंना इजा झालेली होती.

आता सर्वांत घातक वाक्य: ‘मान सरळ करा’. आप्पांची हनुवटी छातीकडे झुकलेली आहे. समोरच्याशी बोलताना ते डोळे वर करून पाहतात आणि झोपताना डोक्याखाली दोन उशा व वर घडी घातलेली गोधडी घेतात. ही त्यांच्या मानेची आजची ठेवण आहे. असा जुळलेला मणका मोडतो तेव्हा बहुधा लांब हाडासारखा पुढून मागेपर्यंत आरपार मोडतो आणि त्याचे दोन्ही तुकडे सुटे होतात. अशा वेळी कोणी डोके मागे नेऊन मान ‘सरळ’ केली, तर फट पुढून उघडते आणि मधला मज्जारज्जू ताणला किंवा चिरडला जातो. चालत आलेल्या माणसाचे हातपाय लुळे पडू शकतात, श्वासही जाऊ शकतो. बाजारातला तयार पट्टा सरळ मानेच्या मापाचा असल्याने तोही नकळत हेच करतो, आणि हाडवैद्याच्या झटक्याबद्दल वेगळे काय लिहावे?

एक्स-रेबद्दल थोडक्यात सांगतो. मानेचा खालचा भाग त्यात खांद्यांच्या सावलीत झाकला जातो, आणि आधीच बदललेल्या हाडांत बारीक भेग ओळखू येत नाही. या रुग्णाची मान पडल्यानंतर नव्याने दुखू लागली, तर एक्स-रे चांगला असला तरी सिटी स्कॅन हवाच; हातापायांना मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर एमआरआयही हवा, कारण मज्जारज्जूभोवती रक्त साचून दाब येऊ शकतो. भेग दुसरीकडेही असू शकते, म्हणून संपूर्ण मणका तपासणे शहाणपणाचे.

ऑपरेशनच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. त्याच आढाव्यात गुंतागुंतीचे प्रमाण ५१.१ टक्के आणि तीन महिन्यांतील मृत्यूचे १७.७ टक्के आहे. शस्त्रक्रिया केली म्हणून बहुतेकांच्या मज्जातंतूंची इजा भरून आली, असेही दिसलेले नाही. मात्र हे आकडे शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या अशा सर्व रुग्णांचे आहेत, ही बाब संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. सुटे झालेले दोन लांब तुकडे नुसत्या पट्ट्याने जागेवर राहतील याचा भरवसा नसतो, म्हणून सर्जन बऱ्याचदा वरखाली अनेक मणक्यांपर्यंत स्क्रू आणि सळ्या बसवतात. कोणाला ते झेपेल, हे त्या रुग्णाचे वय, फुप्फुसे आणि इजा पाहून ठरते.

आप्पांना मी पट्टा आणू दिला नाही. एका कागदावर ‘आप्पा पडले तर १०८ बोलवा, मान आहे तशीच ठेवा, डोक्याखाली दोन उशा आणि गोधडी, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे’ असे मोठ्या अक्षरांत लिहून काकूंना दिला, आणि त्यांनी तो देवघराशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.