रॅम्प हवा? आधी रोबो आणा

इंदुरात छप्पन दुकानच्या आसपास तुमचं नाश्त्याचं हॉटेल आहे आणि दारात तीन पायऱ्या आहेत, असं धरून चालतो. व्हीलचेअरवरचं गिऱ्हाईक आलं की दोन पोरं धावतात, खुर्चीसकट त्याला उचलतात आणि आत नेऊन ठेवतात. कोणीतरी व्हिडिओ काढतं, खाली लोक हात जोडतात. छान चाललंय. रॅम्पच्या भानगडीत पडू नका. १ फूट चढायला १२ फूट उतार लागतो. तुमच्या तीन पायऱ्यांची उंची दीड फूट, म्हणजे झाला १८ फुटांचा उतार. तेवढ्या जागेत किती ॲक्टिव्हा लागतात, ते तुम्हीच मोजा.

त्यापेक्षा ट्रे घेऊन फिरणारा रोबो घ्या. बाहेरच्या टेबलांवर पोहे पोहोचवायची वेळ आली की लक्षात येईल, या महाशयांना पाय नाहीत, चाकं आहेत. विकणारा एवढंच म्हणेल, "भिया, सीढ़ी से गिरा तो वारंटी नी मिलेगी." दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी हजर! ॲक्टिव्हा मुकाट्याने पलीकडच्या गल्लीत जातील, उंबरठा सपाट होईल, टेबलांमधली वाटही रुंद होईल. २०१५ पासूनचं सुगम्य भारत अभियान, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, सुगमतेचे नियम सक्तीचे करा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारला दिलेली तीन महिन्यांची मुदत, या सगळ्यांना तुमच्या दारात जे जमलं नाही, ते एका वॉरंटी कार्डाने करून दाखवलं. फक्त एक पाटी लावा: 'हा मार्ग रोबोसाठी आहे. येथे थांबू नये.'

आता नोकरमंडळी. कायद्यातल्या ४ टक्के राखीव जागा सरकारी आस्थापनांत. तुमच्या-आमच्यासाठी नुसतं प्रोत्साहन. ते घेतलंच पाहिजे असं नाही.

आमच्या माहितीतल्या एका कचेरीत टेलिफोनवर एक अंध काका होते. 'हॅलो' म्हटल्याबरोबर माणूस ओळखायचे, वर "सर्दी उतरली का?" हेही विचारायचे. त्यांच्या जागी 'हिंदीसाठी १ दाबा' आलं. तुम्हीही असंच करा, पण 'काढलं' म्हणू नका; 'आधुनिकीकरण' म्हणा, शाल द्या. पुढे ते दुसरीकडे ऑनलाइन अर्ज भरायला बसतील, तेव्हा पडदा त्यांना विचारेल, तुम्ही रोबो तर नाही ना? नसाल तर या चित्रांतले सिग्नल ओळखून दाखवा. नोकरी यंत्राने घेतली, आणि आपण यंत्र नाही हे पटवायचं तेही यंत्रालाच, डोळ्यांनी! सिग्नल ओळखायला कोणा शेजाऱ्याला बोलवावं लागलं तर लागू द्या. शेजारधर्म टिकायला हवा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. टोकियोच्या कॅफेचं नाव कोणी काढलं की विषय बदला. निहोनबाशी भागात २०२१ पासून 'डॉन' नावाचा कॅफे चालतो. तिथले ओरिहिमे रोबो गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात, ऑर्डर घेतात. पण बोलणारी माणसं आपापल्या घरी असतात. कोणाला एएलएस, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार आहे, कोणाच्या मणक्याला इजा झाली आहे, काही जण अंथरुणावरूनच रोबो चालवतात, आणि त्याचा त्यांना पगार मिळतो. माणसाला काढून रोबो आणायचा एवढं साधं गणित, ते या जपान्यांनी उगाच उलटं केलं.

हे खूळ इथे शिरलं तर काय होईल, कल्पना करा. देवासला अंथरुणावर असलेली एखादी मुलगी तुमच्या रोबोच्या तोंडून विचारणार, "काका, पोह्यांवर जीरावन मसाला अजून टाकायला सांगू का?" गिऱ्हाईक खूश होणार, उद्या तिलाच शोधत येणार, आणि १ तारखेला ती पगार मागणार. आपला रोबो काही मागत नाही. रात्री दुकान मिटवताना त्याला चार्जिंगला लावलं की झालं. प्लग पॉइंट रॅम्पच्या तोंडाशीच बसवून घ्या, तिथे तो सकाळपर्यंत निवांत उभा राहतो.