गेटवरची वही

परवा महापालिकेत हरकतीच्या सुनावणीला गेले होते. (कुठली महापालिका ते सांगत नाही. तुमचीही अशीच असणार.) गेटवर सुरक्षारक्षकानं वही पुढे सरकवली. "ताई, नाव, मोबाइल, कुणाकडे, काय काम." दोरीला बांधलेलं पेन उमटेना, म्हणून पर्समधलं काढलं. लिहितेय तोवर एक पांढरी गाडी आली आणि हाच भाऊ पळत जाऊन दांडा वर करून आला. गाडीतल्या गृहस्थांना वही नाही. कोण हो, विचारलं तर म्हणाला, "नेहमीचे आहेत."

तेव्हापासून ते "नेहमीचे" काही डोक्यातून जात नाहीत.

आमच्याकडची एक जागा मैदानासाठी राखीव आहे, त्या आरक्षणात महापालिकेला फेरबदल करायचाय. 1966 चा नगररचना कायदा, कलम 37: नोटीस काढायची, महिनाभर हरकती घ्यायच्या, सुनावणी द्यायची. आम्ही अकरा जणांनी हरकती दिल्या, आवकचा शिक्का मारून पोच घेतली. सुनावणीत मी तोंड उघडलं तर, "लेखी दिलंय ना? मग तेच बघू आम्ही." दोन मिनिटांत बाहेर. समोरचे साहेब वाईट नव्हते, बाहेर अजून चाळीस माणसं ताटकळत होती.

माझी हरकत रेकॉर्डवर आहे. तिला क्रमांक आहे, तारीख आहे. पण हे आरक्षण हलवावं असं मुळात कुणाच्या मनात आलं, तो माणूस कुणाच्या केबिनमध्ये कितीदा बसला, याचा एक कागद सापडत नाही. नोटीस निघते तेव्हा भाजी शिजलेली असते, आपल्याला फक्त मिठाचं विचारायला बोलावतात. माहितीच्या अधिकारात मागावं, तर तिथे जी नोंद आहे तीच मिळते. नोंदच ठेवली नाही की काम झालं.

हरकतींनी काहीच होत नाही, असंही नाही. मुंबईचा 2034 पर्यंतचा विकास आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये आला आणि हरकतींचा असा भडिमार झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्यानं करायला लावला. पण तेव्हा अख्खी मुंबई चिडली होती. एका मैदानासाठी कोण चिडतंय?

अशा भेटीगाठी घेऊन सरकारचा निर्णय आपल्या बाजूनं वळवायचा, याला लॉबिंग म्हणतात. आपल्या देशात लॉबिंगचा कायदाच नाही. 2012 च्या डिसेंबरात वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीच्या लॉबिंगवरून संसदेत गदारोळ झालेला आठवतोय? भारताच्या बाजारात शिरकाव हा त्या लॉबिंगचा एक विषय होता. पण आपल्याला ते कळलं कुठून, तर कंपनीनंच अमेरिकेच्या सिनेटकडे भरलेल्या विवरणातून. तिकडच्या कायद्यानं भरावं लागतं म्हणून. इकडे तोच शब्द शिवीसारखा वापरायचा आणि काम मात्र बिनबोभाट चालू द्यायचं.

शहराच्या पातळीवर लॉबिंगची नोंद ठेवून दाखवलीय कॅनडातल्या टोरांटोनं. तिथल्या महापालिकेनं संगणक भाड्यानं घेतले. मंजुरी 4.3 कोटी डॉलरची होती, बिल जवळपास दुपटीवर गेलं. न्यायमूर्ती बेलामी यांची चौकशी बसली, 2005 मध्ये अहवाल आला, त्यात लॉबिंगवरही बोट ठेवलं होतं, आणि पुढे शहरानं लॉबिंगची नोंदवही सुरू केली. कोण, कुणासाठी, कुठल्या विषयावर, कुणाला भेटलं, हे घरबसल्या कुणीही बघावं. मला त्यातली सूट जास्त आवडली. गल्लीतल्या प्रश्नावर आपल्या नगरसेवकाला फोन केला किंवा समितीच्या जाहीर बैठकीत बोललं, तर नोंदणी लागत नाही.

ही सूट हवीच, नाहीतर नियम आपल्यावरच उलटतो. अमेरिकेत मिसुरी राज्यात एक पैसाही न घेता आमदारांशी बोलणाऱ्या एका नागरिकाला लॉबिस्ट म्हणून नोंदणी केली नाही म्हणून 1,000 डॉलर दंड ठोकला होता. 2019 मध्ये अपील कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. आपल्याकडे तसला नियम आला तर पहिली नोटीस पांढऱ्या गाडीला जाईल की आमच्या अकरा जणांना, हे सांगायला ज्योतिषी नको.

लोकसहभाग म्हणाल, तर महाराष्ट्रात 2009 मध्ये क्षेत्रसभेचा, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांच्या सभेचा, कायदा झाला. तुमच्या भागात एक तरी क्षेत्रसभा झालेली आठवते का? मला नाही. त्यात 2022 पासून 2026 च्या निवडणुकांपर्यंत कित्येक महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते. म्हणजे हक्कानं दार वाजवायला नगरसेवकही नव्हता.

आमच्या शेजारचे जोशीकाका म्हणतात, "अगं, वही ठेवलीस तर भेटी हॉटेलात होतील." होतील की. आताही होतातच. पण ज्या अधिकाऱ्याला नाही म्हणायचंय, त्याला "साहेब, वहीत लिहावं लागेल हं" एवढं म्हणायची सोय होते. आणि खर्च काय? वही आहेच. फक्त ती गेटवरून केबिनच्या दारात न्यायची आणि नेहमीच्यांच्याही हातात पेन द्यायचं.

सोमवारी 3 ते 5 नागरिकांना फायली बघता येतात, 2018 चा शासन निर्णय आहे. मैदानाची फाइल बघायला जाणार आहे. "काय काम" या रकान्यात या वेळी लिहिणार आहे: लॉबिंग. बघू भाऊ काय म्हणतो. आणि हो, पेन घरून नेणार.