फ्लरीची बाटली, अथणीचा बॉक्स

गेल्या महिन्यात अथणीहून, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून, चुलतभावाचा फोन. "दादा, बेदाण्यात आता राम राहिला नाही. एकरभर वाइनची द्राक्षं लावू का?" मागून काकांचा आवाज आला, "माळकऱ्याच्या घरात दारू गाळणार व्हय रे?"

हा वाद आमच्याकडे नवा नाही. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सुपरमार्केटात वाइन ठेवायचं ठरवलं, तेव्हाही तो सीमा ओलांडून आमच्या ओसरीवर येऊन बसला होता. वाइन ही दारू की शेतमाल? माझ्या मते दारूच. फ्रान्सही वेगळं मानत नाही. १९९१ पासून इथे तिच्या जाहिरातींवर कडक निर्बंध आहेत. काकांचं तेवढं बरोबर.

पण मी फ्रान्समधल्या ल्योंला राहतो. उत्तरेला तासाभरावर बोजोलेचा डोंगराळ भाग लागतो, तिथल्या फ्लरी गावात एका कुटुंबाची सहा हेक्टर सेंद्रिय बाग आहे. तोडणीच्या दिवसांत गेलो होतो. नवरा-बायको, म्हातारे वडील आणि चार मजूर गामे जातीचे घड हातानं तोडत होते. देठासकट अख्खे घड टाकीत. विकतचं यीस्ट नाही, गाळणी नाही, गंधक नावाला. युरोपात सेंद्रिय तांबड्या वाइनला लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट, म्हणजे हेच गंधक, चालतं, साध्या वाइनला १५०. हे कुटुंब त्याच्याही फार खाली राहतं. ग्लासात ओतली तर गढूळ. पहिला वास गोठ्याचा, हलवल्यावर जांभळाचा. खरं सांगतो, मला आंबट लागली आणि दुसरा ग्लास मी मागितला नाही.

लक्ष गेलं ते पानांकडे. निळसर डाग. मोरचूद आणि चुना! द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी काका पंप पाठीला लावून मारतात तेच बोर्डो मिश्रण, आणि ते बोर्डो याच देशातलं. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असं नव्हे. मोरचुदातल्या तांब्याला फक्त मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो.

त्या बाटलीवर मोठ्या अक्षरात काय होतं? फ्लरी. गावाचं नाव. गामे हा शब्दसुद्धा नव्हता. दुसऱ्या गावची द्राक्षं मिसळली तर ते नाव लावता येत नाही.

इथेच मला आपली गोष्ट टोचते. गावाचं नाव कुठल्या राज्यात लिहायचं यावर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नडची सक्ती, म्हणून बेळगावात मराठी माणूस चिडतो. मीही चिडतो, घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलत वाढलोय मी. पण काकांचा बेदाणा तासगावच्या सौद्याला गेला की त्याचं गाव कुठे राहतं? तो सांगलीचा बेदाणा होऊन दिल्लीला जातो. आपण पाटीसाठी भांडतो, आणि जे पिकवतो त्यावर आपल्या गावाची पाटीच नाही.

म्हणून भावाला सांगितलं, वाइनच्या नादी लागू नकोस. अथणीचा मार्च, वरून लोडशेडिंग. गंधक न घालता तिथे वाइन करशील तर शिरका होईल. थंडाव्याला जनरेटर, मग उत्पादन शुल्क खात्याचे हेलपाटे. त्यापेक्षा पाचशे किलो बेदाणा गंधकाची धुरी न देता वाळव. तपकिरी होईल, होऊ दे. अर्ध्या किलोच्या बॉक्सवर गावाचं नाव, बागेचा गट नंबर, तोडणीची तारीख छाप. पुण्यात, बंगळूरात माझे चार मित्र घेतील.

थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तपकिरी बेदाण्याला व्यापारी भाव पाडतो, दादा."

"व्यापाऱ्याला देऊच नकोस."

"आणि नाव मराठीत छापू की कन्नडात?"

मी उत्तर द्यायच्या आत काकांनी फोन ओढून घेतला. "दोन्हीत छाप म्हणावं. पण अक्षर मोठं पाहिजे, मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."