मोरीत घसरलेल्या आई आणि माझं एक चुकलेलं वाक्य

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमच्या आई खरंच मोरीत घसरल्या, गालाचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर थांबवून त्यांना ‘घरी कुणी मारतं का?’ असं विचारलं. चेहऱ्याच्या मोडलेल्या हाडांवरून घरातला मार कसा ओळखावा, या माझ्या लेखानं असे संशयी डॉक्टर वाढतील, हा तुमचा राग.

आधी माझी चूक. ‘डावा गाल मोडला की मार समजावा’ असा अर्थ निघेल, असं मी लिहून गेले. मारणारे बहुतेक उजव्या हाताचे, म्हणून समोरून आलेला ठोसा डावीकडे बसतो, एवढंच त्यात तथ्य. उतारवयात पडलेल्या बायकांचंही गालाचं हाड मोडतं. हाडं ठिसूळ असतात आणि हात वेळेत पुढे येत नाही. तरुण बाई पडली तर सहसा हात टेकते, तळवे खरचटतात. हनुवटीवर आपटली तर कानापुढचे जबड्याचे सांधे मोडतात, कधी दोन्हीकडचे, आणि दात एकमेकांवर बसेनासे होतात.

अपघातांवरही लिहायला हवं होतं, हे तुमचं म्हणणंही मान्य. पदर चाकात जाऊ नये म्हणून दुचाकीचं मागचं चाक झाकायचा नियम आहे, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. (अर्ध्या हेल्मेटमध्ये जबडा उघडाच राहतो, ते वेगळं.)

पण ‘डॉक्टरांनी हाड बघावं, घर बघू नये’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरी मार खाणाऱ्या बायकांना मदत करणारं ‘दिलासा’ केंद्र उगाच नाही चालत. शिकाऊ डॉक्टर असताना एका बाईच्या केसपेपरवर मी ‘पडल्याने’ लिहिलं, कारण नवरा तसं म्हणाला. चार दिवस उशिरा आलेली, दंडावर पिवळे पडलेले वण, तळव्यांवर ओरखडा नाही. आठ महिन्यांनी तीच बाई परत आली, जबड्याची दुसरी बाजू मोडून. जुन्या पेपरवरचं अक्षर माझंच होतं.

तुमच्या आईंना ‘हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो’ असं आधी सांगायला हवं होतं. ते राहिलं असेल, तर तुमचा राग रास्त आहे.

ओठ-गाल अजून बधिर असतील तर घाबरू नका, बऱ्याचदा काही महिन्यांत सुधारतं. एकाचे दोन दिसत असतील तर मात्र लगेच दाखवा. आणि हाडांची घनता तपासून घ्या. पुढच्या वेळी खुबा मोडायला नको.