‘दुकानदारांना विचारलं की झालं’ म्हणे!

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यासारख्या बाजारपेठेत फुटपाथ रुंद करायचा, गाड्या कमी करायच्या अशी चर्चा निघाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. थोडक्यात असा: गिऱ्हाईक गाडीनेच येतं, हे दुकानदारांना ठाऊक आहे, तेव्हा त्यांनाच विचारा. फेरीवाले म्हणजे अतिक्रमण, त्यांना काय विचारायचं? सामान्य नागरिक नुसता विरोध करतात. फारच वाटलं तर ऑनलाइन फॉर्म ठेवा.

पहिला मुद्दा सगळ्यांना पटतो, म्हणून त्याकडे नीट बघू. दुकानदाराला मालातलं, भावातलं कळतं. गिऱ्हाईक दारापर्यंत कसं आलं हे त्याला गल्ल्यावर बसून दिसत नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 2006 साली हे तपासलं गेलं. दुकानदारांचा अंदाज होता की 41 टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं. प्रत्यक्ष खरेदीदारांना विचारलं तेव्हा आकडा निघाला 22. अर्ध्या मैलाच्या आत राहणारे जेमतेम 12 टक्के असतील असं दुकानदारांना वाटत होतं, निघाले 42. पुणं म्हणजे ब्रिस्टल नव्हे, मान्य. पण मग तुळशीबागेच्या तोंडाशी उभं राहून मोजा की! कुठून आलात, कशाने आलात, किती दुकानं फिरलात, दमल्यावर बसायला जागा मिळाली का, स्वच्छतागृह सापडलं का, हे विचारा. ‘पार्किंग हवं का?’ एवढंच विचारलं तर कोण नाही म्हणेल?

फेरीवाल्यांचं म्हणाल, तर त्यांना विचारणं ही मेहेरबानी नव्हे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती ठेवली आहे. तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. विक्रेत्यांचं सर्वेक्षण होण्याआधी त्यांतल्या कोणाला उठवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. त्यांना वगळून केलेला आराखडा कोर्टात अडकला, तर तो उशीर कोणाच्या खात्यावर मांडायचा?

नागरिक विरोध करतात, हे खरं आहे. पण त्यांना बहुतेक वेळा तयार नकाशा दाखवतात, तोही निविदा निघाल्यावर. तेव्हा त्यांच्या हातात विरोधाशिवाय उरतं काय? पुणे महापालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी, पादचारी दिनाला, लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांसाठी बंद ठेवून पाहिला. ती रीत मला बरी वाटते, कारण रस्ता अनुभवून दिलेलं मत वेगळं असतं. अर्थात एका दिवसात उत्सवाचाच मूड असतो. मालाचा टेम्पो कधी, कुठे लावायचा, आतल्या वाड्यातल्या आजारी माणसाला रिक्षा दारात कशी मिळणार, हे कळायला महिनाभर तरी चाचणी हवी, साध्या कामाच्या दिवसांसकट.

राहिला ऑनलाइन फॉर्म. तो ठेवावा, जरूर ठेवावा. पण हमाल, पाटी घेऊन बसणारी बाई आणि दुकानातला नोकर तो भरणार नाहीत. त्यांच्यासाठी संध्याकाळच्या गर्दीत रस्त्यावरच टेबल मांडावं लागेल. आणि आलेल्या सूचनांपैकी कोणत्या घेतल्या, कोणत्या का नाकारल्या, याची यादी क्षेत्रीय कार्यालयाबाहेर लावावी, निविदा निघायच्या आधी.