ब्राउझरमध्ये उघडली म्हणजे फाइल बरोबर?

‘एक्सएमएल म्हणजे साधा मजकूर. त्यासाठी एडिटर विकत घेणं ही पैशाची नासाडी. नोटपॅडमध्ये लिहा, ब्राउझरमध्ये उघडून बघा; उघडली की फाइल बरोबर. नाहीच जमलं तर वर्डमधून सेव्ह अ‍ॅज करा.’ हा मेसेज इथं संभाजीनगरात ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. वाळूजला मशीनची मॅन्युअलं लिहायला लागलेल्या भाच्यानं तो मलाच पाठवला, खाली प्रश्न: ‘मामा, मग एडिटरचं लायसन्स कशाला?’ एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला ‘ही कृती’, ‘हा इशारा’ अशी लेबलं, म्हणजे टॅग, लावून लिहायची पद्धत.

ब्राउझरवालं वाक्य सगळ्यात घातक. टॅग नीट बंद झालेत का, एकात एक बरोबर बसलेत का, असलं व्याकरण तेवढं ब्राउझर बघतो. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं 10 फेब्रुवारी 1998 ला एक्सएमएल 1.0 ची शिफारस काढली, त्यातच ‘वेल-फॉर्म्ड’ वेगळं आणि ‘व्हॅलिड’ वेगळं सांगितलंय. व्हॅलिड म्हणजे डीटीडीत, म्हणजे कुठला टॅग कुठं चालतो हे सांगणाऱ्या नियमांच्या फाइलीत, ठरलेल्या रचनेबरहुकूम. ती तपासणी ब्राउझर करतच नाही.

हायड्रॉलिक प्रेसचं मॅन्युअल घ्या. डिटा या मॅन्युअलं लिहायच्या एक्सएमएल रचनेत, कृती सांगणाऱ्या ‘टास्क’मध्ये, ‘स्टेप’च्या आत थेट ‘नोट’ टाकायची तर ती ‘सीएमडी’च्या, म्हणजे कृतीच्या, आधीच यावी लागते. कुणी ‘गार्ड काढा’ वर लिहून ‘आधी मेन स्विच बंद करा’ ही नोट त्याखाली चिकटवली, तरी ब्राउझर हूं की चूं करत नाही. ‘नोट’चं दोन्हीकडे ‘नोटा’ झालं तरी नाही. पुढं एक्सएमएलचं वाचायच्या पानात रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटीच्या साच्याला हा टॅग अनोळखी. आणि अनोळखी टॅगमधला मजकूर तसाच ओतायचा, हा एक्सएसएलटीचा मूळ नियम. ना चौकट, ना त्रिकोण. इशारा साध्या ओळीत विरघळला, आणि फिटर गार्डला हात घालून मोकळा.

एक्सएमएललिंट ही तपासणीची कमांड वापरणारेही इथंच फसतात. नुसता ‘नोआउट’ हा पर्याय देऊन कमांड गप्प बसली म्हणजे फक्त व्याकरण ठीक. डीटीडीसाठी ‘व्हॅलिड’, एक्सएसडी या दुसऱ्या तऱ्हेच्या नियम-फाइलीसाठी ‘स्कीमा’ हा पर्याय जोडावा लागतो. फाइलीच्या सुरुवातीला डीटीडीचं नाव सांगणारी डॉकटाइपची ओळच नसेल तर डीटीडी कुठली, हे त्याला कळणार कसं?

नोटपॅडचं म्हणाल, तर एखादा शब्द दुरुस्त करायला चालेल. पण विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीआधीचं नोटपॅड नवी फाइल आपणहून एएनएसआय या जुन्या, मराठी अक्षरं न मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करायचं. सूचना न वाचता ओके दाबलं की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. शॉप फ्लोअरवरचे जुने संगणक बघून घ्या.

वर्डचं सोडाच. डॉक्सच्या पोटात एक्सएमएलच असतं, कबूल. पण त्याला परिच्छेद, ठळक अक्षर, फॉन्ट कळतो. ‘हा धोका’, ‘ही कृती’ असं त्यात काही नसतं.

पैशाच्या बाबतीत मात्र मेसेज अर्धा खरा आहे, नाइलाजानं मानतो. एकटाच लिहिणारा असेल, टॅगची भीती नसेल, तर व्हीएस कोड हा एडिटर आणि त्यावरचं रेड हॅटचं एक्सएमएल एक्स्टेन्शन फुकटात तपासणी करतं, आणि डिटा ओपन टूलकिट फुकटात पीडीएफ काढतं. पण टॅग कधी न पाहिलेला डिझाइन इंजिनिअर मजकूर दुरुस्त करणार असेल, एकच इशारा कॉनरेफनं, म्हणजे एकदाच लिहून नुसत्या संदर्भानं, अनेक मॅन्युअलांत ओढला जात असेल, तर ऑक्सिजन किंवा एक्समेटलसारख्या विकतच्या एडिटरचे पैसे वसूल होतात.

घेण्याआधी ट्रायलवर आपलीच एक फाइल टाका. एकच आयडी दोनदा द्या, नोट सीएमडीखाली सरकवा, ‘अँड’चं चिन्ह तसंच ठेवा, मग फाइलचं नाव बदला. पहिल्या तिन्ही चुकांवर लाल रेघ ओळ क्रमांकासह यायला हवी, आणि नाव बदलल्यावर नकाशातले, म्हणजे मॅन्युअलात कुठल्या फाइली येतात त्या यादीतले, दुवे एडिटरनं स्वतःहून सुधारायला हवेत.